माहितीचा न्यास आणि विश्वस्तांचा विवेक

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



दिगंबर परंपरेत श्रुतपंचमीची जी कथा सांगितली जाते, ती बहुतेक घरांतून ठाऊक आहे. गिरनारच्या चंद्रगुफेत वास्तव्य करणाऱ्या आचार्य धरसेनांना आपले आयुष्य थोडेच उरले असल्याची जाणीव झाली. गुरुमुखातून शिष्याकडे असे चालत आलेले श्रुतज्ञान त्यांच्या स्मरणात होते. ते गेले की तेही लोपणार होते. त्यांनी दक्षिणेकडील मुनिसंघाला संदेश पाठवून दोन समर्थ साधू बोलावून घेतले. तेच पुष्पदंत आणि भूतबली. विद्या देण्यापूर्वी आचार्यांनी दोघांची परीक्षा घेतली. साधनेसाठी दिलेल्या मंत्रांपैकी एकात एक अक्षर अधिक होते, दुसऱ्यात एक उणे. साधनेअंती प्रकट झालेल्या देवतांपैकी एकीचे दात पुढे आलेले, तर दुसरी एकाक्ष दिसली. देवतेचे रूप असे असू शकत नाही, चूक मंत्रातच असली पाहिजे, हे दोघांनी ओळखले, मंत्र शुद्ध केले आणि मगच ते गुरूंसमोर आले. पुढे षट्खंडागम लिपिबद्ध झाला आणि ज्येष्ठ शुद्ध पंचमीला संघाने त्या ग्रंथाची पूजा केली.

या कथेकडे श्रद्धेने पाहावेच; परंतु एखाद्या संस्थेच्या कारभाऱ्याच्या नजरेनेही ती पाहण्यासारखी आहे. मौल्यवान ज्ञान एकाच व्यक्तीच्या ठायी राहू नये, ही त्यातील पहिली शिकवण. ते ज्याच्या हाती सोपवायचे त्याला चुकीची नोंद ओळखता आली पाहिजे, ही दुसरी. आणि सिद्ध झालेली नोंद अखेर संघाच्या स्वाधीन व्हावी, ही तिसरी. आजच्या व्याख्यानाचा विषय आहे संस्थांमधील माहिती-तंत्रज्ञानाचे सुशासन. नाव नवे आणि काहीसे परके वाटते. परंतु त्याचा गाभा या तीन शिकवणींहून फारसा वेगळा नाही.

वहीने फुकट दिलेले संरक्षण

पन्नास वर्षांपूर्वी न्यासाची कागदपत्रे कोणत्या स्वरूपात असत, हे ज्येष्ठ मंडळींना आठवत असेल. रोजची कीर्द, तिच्यावरून खतावणी, देणगीच्या पावत्यांची क्रमांक घातलेली पुस्तके आणि सभांचे इतिवृत्त. दिवाळीला या वह्यांचे पूजन होई. त्या वह्यांच्या कागदातच काही नियंत्रणे आपोआप सामावलेली होती, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नसे. आकडा खोडला तर खाडाखोड दिसे. पान फाडले तर पृष्ठक्रमांक तुटे. मुनीमजींचे अक्षर सर्वांच्या ओळखीचे असल्याने नोंद कोणी केली हे विचारावे लागत नसे. चोपड्यांचे गाठोडे कोणी नेऊ लागलाच, तर दारातला माणूस त्याला हटकत असे.

संगणकाने वेग दिला, बेरजेच्या चुका थांबवल्या, वर्षांचे काम दिवसांवर आणले. परंतु संगणकातील आकडा बदलला तर मागे खाडाखोड राहतेच असे नाही. नोंद कोणाच्या हातची, हे अक्षरावरून कळत नाही. हजारो देणगीदारांची यादी बोटाएवढ्या पेन ड्राइव्हमधून अथवा एका ई-मेलमधून दाराबाहेर जाते आणि मूळ प्रत जागच्या जागी असल्याने काही गेले आहे याची जाणीवही होत नाही. कागदाने जे संरक्षण फुकट दिले, ते यंत्रात मुद्दाम उभारावे लागते. ते कोणी उभारायचे आणि उभारले आहे की नाही हे कोणी पाहायचे, या प्रश्नापाशी सुशासनाचा आरंभ होतो.

या प्रश्नाचे महत्त्व शासनानेही ओळखले आहे. कंपन्यांच्या लेखा-सॉफ्टवेअरमध्ये नोंदीतील प्रत्येक बदलाचा व तो केव्हा झाला याचा मागोवा राहिलाच पाहिजे, आणि हा मागोवा बंद करता येऊ नये, असा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला. सार्वजनिक न्यास ही कंपनी नसल्याने तो नियम न्यासाला जसाच्या तसा लागू होत नाही. परंतु जी खाडाखोड जुन्या वहीत दिसत होती, ती नव्या वहीतही दिसावी, या अपेक्षेला कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

कारभार चालवणे आणि कारभारावर लक्ष ठेवणे

माहिती-तंत्रज्ञानाच्या सुशासनासाठी जगभर वापरला जाणारा एक आंतरराष्ट्रीय दंडक आहे, आयएसओ ३८५००. ऑस्ट्रेलियाने २००५ साली तयार केलेल्या राष्ट्रीय दंडकावरून २००८ मध्ये तो आंतरराष्ट्रीय झाला आणि त्याची नवी आवृत्ती २०२४ मध्ये निघाली. हा दंडक तंत्रज्ञांसाठी नाही. तो संस्थेच्या सर्वोच्च मंडळासाठी, म्हणजे संचालकांसाठी आणि विश्वस्तांसाठी आहे. त्याने या मंडळाची कामे तीन क्रियापदांत सांगितली आहेत: मूल्यमापन करणे, दिशा देणे आणि निरीक्षण करणे. सर्व्हर कसा बसवावा हे विश्वस्तांना ठाऊक असण्याची गरज नाही. परंतु तो कशासाठी बसवला, त्यात कोणाची माहिती आहे, तो बंद पडला तर काय होईल आणि याचे उत्तर देण्यास कोण बांधील आहे, हे त्यांना ठाऊक असलेच पाहिजे.

येथे कारभार चालवणे आणि कारभारावर लक्ष ठेवणे यांतील भेद स्पष्ट होतो. व्यवस्थापक ठरलेल्या दिशेने काम करतो. विश्वस्त दिशा ठरवतो आणि काम त्याच दिशेने चालले आहे ना, हे पाहतो. काम सोपवता येते, उत्तरदायित्व सोपवता येत नाही. 'ते सगळे कॉम्प्युटरवाल्याकडे आहे' हे वाक्य विश्वस्ताच्या तोंडी शोभत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० अन्वये हिशेब नीट ठेवणे आणि त्यांची लेखापरीक्षा करून घेणे हे विश्वस्तांचे कर्तव्य आहे. हिशेब कागदावर आहे की यंत्रात, याने त्या कर्तव्यात फरक पडत नाही.

तीन जुने अतिचार, तीन नवी संकटे

श्रावकाच्या सत्याणुव्रताला लागणारे अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत. त्यांतील काहींचा थेट संबंध नोंदी आणि ठेवी यांच्याशी आहे. सत्याच्या व्रतात असत्य भाषणाबरोबरच खोट्या लेखाचा आणि ठेवीच्या अपहाराचा विचार व्हावा, ही व्यापारी समाजाला दिलेली फार सूक्ष्म दृष्टी आहे.

पहिला अतिचार कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख तयार करणे. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कंप्युटर सर्व्हिसेस या हैदराबादच्या कंपनीच्या अध्यक्षांनी पत्राद्वारे कबुली दिली, की कंपनीच्या ताळेबंदातील हजारो कोटी रुपयांची रोख प्रत्यक्षात अस्तित्वातच नाही. तपासात असे पुढे आले, की देयकांच्या संगणकप्रणालीत विशेष अधिकाराच्या प्रवेशातून सात हजारांहून अधिक बनावट देयके तयार करण्यात आली होती आणि ती संबंधित विभागप्रमुखांच्या नजरेस पडू नयेत अशी तजवीजही त्याच प्रणालीत होती. ही कंपनी स्वतः माहिती-तंत्रज्ञानातील देशातील आघाडीच्या कंपन्यांपैकी एक होती. आदल्याच वर्षी, २००८ मध्ये, तिला कंपनी-सुशासनाचा एक नामांकित पुरस्कारही मिळाला होता. उत्तम तंत्रज्ञ, उत्तम यंत्रे आणि भिंतीवरचे प्रमाणपत्र या तिन्ही गोष्टी असूनही कूटलेख घडू शकतो. कारण तो पकडणारा प्रश्न मंडळाच्या बैठकीत विचारला गेला नाही.

दुसरा अतिचार न्यासापहार. त्याचे पारंपरिक स्पष्टीकरण मनन करण्यासारखे आहे. कोणी ठेव ठेवली, पुढे ठेवणाऱ्याला तिची नेमकी संख्या आठवेना आणि त्याने कमी मागितली. ठेव सांभाळणाऱ्याजवळ खरी नोंद होती. तरीही 'होय, एवढीच होती' असे म्हणून त्याने कमी परत केली. येथे चोरी हाताने झालेली नाही, ती नोंद दडपून झाली आहे. बँकांमधून वर्षानुवर्षे कोणी मागायला न आलेल्या ठेवी शोधता याव्यात म्हणून रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये 'उद्गम' हे संकेतस्थळ सुरू केले. ठेवीदार विसरला तरी नोंद विसरत नाही, आणि ती शोधण्याची वाट मोकळी ठेवणे हे सांभाळणाऱ्याचे कर्तव्य आहे, हेच तत्त्व त्यामागे दिसते.

या तत्त्वाच्या उलट काय घडते, हे मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेच्या प्रकरणाने दाखवले. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने या बँकेवर निर्बंध घातले आणि आरंभी प्रत्येक खातेदाराला सहा महिन्यांत केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा उरली. ती मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने वाढवण्यात आली. पोलिसांकडील तक्रारीनुसार, एकाच उद्योगसमूहाशी संबंधित ४४ थकीत कर्जखाती झाकण्यासाठी २१,०४९ काल्पनिक खाती दाखवण्यात आली होती. ही खाती बँकेच्या मुख्य संगणकप्रणालीत नव्हती. ती केवळ तपासणीसाठी दिलेल्या यादीत होती. प्रणाली एक सांगत होती आणि कागद दुसरे. दोन्ही शेजारी ठेवून कोणी पाहिले असते, तर तफावत उघडी पडली असती. जानेवारी २०२२ मध्ये ही बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली. परंतु मधल्या काळात औषधपाण्यासाठी आणि मुलांच्या शिक्षणासाठी ठेवलेल्या ठेवी अडकून पडलेल्या कुटुंबांनी जे सोसले, ते ताळेबंदात लिहिले जात नाही.

तिसरा अतिचार इतरांचे गुपित उघड करण्याचा. जैन न्यासांकडे आज काय काय माहिती असते, याची एकदा यादी करून पाहावी. देणगीदारांचे पॅन क्रमांक, वसतिगृहातील विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक, शिष्यवृत्तीसाठी दिलेले पालकांच्या उत्पन्नाचे दाखले, वैद्यकीय साहाय्यासाठी जोडलेले आजाराचे अहवाल, वधूवर सूचीतील तपशील. एखाद्या कुटुंबाने अडचणीच्या काळात मदत मागितली, ही गोष्ट त्या कुटुंबाने विश्वासाने सांगितलेली असते. ती यादी चुकून एखाद्या व्हॉट्सॲप गटावर गेली, तर कोणाचे पैसे जात नाहीत. परंतु एका स्वाभिमानी घराची मान खाली जाते आणि पुढच्या वेळी गरज असूनही ते घर न्यासाच्या दारात येत नाही.

२०२३ साली संसदेने संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने अशी माहिती बाळगणाऱ्या संस्थेला 'डेटा फिड्युशिअरी' असे म्हटले आहे. 'फिड्युशिअरी' म्हणजे ज्याच्यावर विश्वास टाकून काही सोपवले आहे तो. साध्या मराठीत विश्वस्त. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्यांतील मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांच्या अवधीनंतर लागू होतील असे ठरले. अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती त्यात आवश्यक मानली आहे, आणि सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. दंडाचे भय हे एक कारण झाले. गरजेपेक्षा अधिक माहिती मागूच नये आणि काम संपल्यावर ती जवळ बाळगू नये, हे अपरिग्रहाच्या उपासकांना वेगळे सांगण्याची आवश्यकता नसावी.

चौकटी कोणत्या आणि कशासाठी

अशी संकटे टाळण्यासाठी जगातील लेखापरीक्षकांनी आणि व्यवस्थापकांनी काही चौकटी तयार केल्या आहेत. त्यांपैकी तीन प्रमुख चौकटींची ओळख विश्वस्तांना असावी.

पहिली चौकट 'कोबिट'. अमेरिकेत १९६९ साली स्थापन झालेल्या संगणक-लेखापरीक्षकांच्या संघटनेने, जी आज आयसाका या नावाने ओळखली जाते, ती १९९६ मध्ये प्रसिद्ध केली. आरंभी ती लेखापरीक्षकांची तपासणी-सूची होती. आवृत्तीगणिक ती वाढत जाऊन संपूर्ण संस्थेच्या सुशासनाची चौकट बनली. 'कोबिट २०१९' या आवृत्तीत एकूण ४० उद्दिष्टे आहेत. त्यांतील ३५ व्यवस्थापकांची असून केवळ ५ सर्वोच्च मंडळाची आहेत. ही पाच उद्दिष्टे प्रश्नरूपाने मांडता येतात. निर्णय कोणी व कसे घ्यायचे हे ठरले आहे काय? तंत्रज्ञानावर केलेल्या खर्चाचा अपेक्षित लाभ मिळतो आहे काय? धोका किती पत्करायचा हे ठरले आहे काय? माणसे, पैसा आणि यंत्रे पुरेशी आहेत काय? आणि संबंधितांना खरी माहिती वेळेवर मिळते काय? वर्षातून एकदा या पाच प्रश्नांची उत्तरे इतिवृत्तात लिहिली गेली, तरी छोट्या न्यासाचे निम्मे काम झाले.

दुसरी चौकट 'आयटिल'. ब्रिटिश शासनाच्या एका विभागाने १९८० च्या दशकात सरकारी संगणकसेवा सुरळीत चालाव्यात म्हणून ती तयार करण्यास आरंभ केला. ती दैनंदिन सेवेची चौकट आहे. घटना आणि समस्या यांत ती फरक करते. पावती छापली गेली नाही, ही घटना. दर महिन्याच्या अखेरीस पावत्या का छापल्या जात नाहीत, ही समस्या. घटना तात्पुरती मिटवणारा कर्मचारी उपयुक्त असतो. समस्येच्या मुळाशी जाणारी व्यवस्था त्याहून उपयुक्त असते. प्रणालीत कोणताही बदल करण्यापूर्वी मागे फिरण्याची वाट तयार ठेवावी, हाही आयटिलचाच धडा.

तिसरी चौकट माहितीच्या सुरक्षेची, आयएसओ २७००१. तिच्या २०२२ च्या आवृत्तीत ९३ नियंत्रणे सांगितली आहेत. त्यांपैकी ३७ संघटनात्मक, ८ माणसांविषयीची, १४ जागा व वस्तूंच्या रक्षणाची आणि ३४ तांत्रिक आहेत. म्हणजे ९३ पैकी ५९ नियंत्रणे यंत्राच्या बाहेरची आहेत. सुरक्षेचा विषय संगणकतज्ज्ञांचा आहे असे मानणाऱ्यांनी ही संख्या ध्यानात ठेवावी.

या चौकटी एकमेकींच्या प्रतिस्पर्धी नाहीत. अनेकांताच्या भाषेत सांगायचे तर प्रत्येक चौकट हा एक नय आहे. ती एका बाजूने पाहते आणि त्या बाजूचे सत्य सांगते. कोणत्याही चौकटीतील सर्व उद्दिष्टे प्रत्येक संस्थेने उचलावीत, अशी अपेक्षा त्यांच्या कर्त्यांचीही नाही. संस्थेचा आकार आणि तिच्यापुढील धोके पाहूनच निवड करावी, असे कोबिट स्वतःच सांगते. रिझर्व्ह बँकेनेही हाच विवेक ठेवला. ऑक्टोबर २०१८ मध्ये तिने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट घालून दिली आणि ३१ डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकाने डिजिटल सेवांच्या व्याप्तीनुसार बँकांचे चार स्तर करून स्तरागणिक अटी वाढत्या ठेवल्या.

न्यासाच्या हाताशी असलेली साधने

चौकट सांगते काय पाहावे. ते पाहण्यासाठी साधने लागतात. ती महागडी असण्याची गरज नाही. पाच साध्या नोंदवह्यांपासून आरंभ करता येतो.

पहिली, मत्तेची नोंदवही. न्यासाकडे कोणते संगणक, कोणती सॉफ्टवेअर, कोणती बँकखात्यांची प्रवेशनामे आणि कोणाकोणाची माहिती आहे, याची ही यादी. संकेतस्थळाचे नाव कोणाच्या वैयक्तिक ई-मेलवर नोंदले आहे, हेही तीत असावे; संबंधित कार्यकर्ता परगावी गेल्यावर ते नाव नूतनीकरणाअभावी गेले, तर ते परत मिळवणे कठीण होते.

दुसरी, जबाबदारीचा तक्ता. प्रत्येक कामापुढे चार रकाने: काम कोण करतो, उत्तर कोण देतो, सल्ला कोणाचा घ्यायचा आणि कळवायचे कोणाला. काम अनेकांनी करावे; उत्तर देणारे नाव मात्र एकच असावे. जेथे सगळे जबाबदार असतात, तेथे कोणीच उत्तर देत नाही.

तिसरी, धोक्यांची नोंदवही. काय बिघडू शकते, त्याची शक्यता किती, हानी किती आणि उपाय कोणता, हे तीत लिहावे व दर तिमाहीस वाचावे.

चौथी, प्रवेशाधिकारांची यादी. कोणाला काय पाहता येते आणि कोणाला काय बदलता येते, हे त्यात असावे. देणगीची नोंद करणारा आणि बँकेशी मेळ घालणारा हे वेगळे असावेत. काम सोडून गेलेल्या व्यक्तीचा प्रवेश त्याच दिवशी बंद व्हावा.

पाचवी, प्रतिलिपीची नोंदवही, म्हणजे बॅकअपची. माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर आणि त्यांपैकी एक दुसऱ्या जागी, हा सर्वमान्य संकेत आहे. परंतु प्रत घेतली एवढे लिहून भागत नाही. ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिली, त्या तारखेची शिल्लक जुळली, असे लिहिले गेले तरच ती प्रत खरी.

या नोंदी ठेवल्यावरही दक्षता सुटून चालत नाही. ११ ऑगस्ट २०१८ रोजी पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर जो हल्ला झाला, त्यात चोरट्यांनी बनावट यंत्रणा मध्ये उभी करून एटीएमच्या मागण्यांना परस्पर मंजुरी मिळवली आणि काही तासांत २८ देशांतून हजारो व्यवहारांद्वारे रक्कम काढली. १३ ऑगस्टला आणखी सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात वळवण्यात आले. एकूण हानी सुमारे ९४ कोटी रुपयांची होती. ग्राहकांच्या खात्यांना झळ लागली नाही, आणि २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणात अकरा जणांना दोषी ठरवले. शतकभराची परंपरा असलेल्या संस्थेवरही शनिवार-रविवारच्या सुट्टीत असा प्रसंग येऊ शकतो. म्हणून निरीक्षण हे सणावारी करायचे काम नाही. श्रावक प्रतिक्रमण करतो ते आयुष्याच्या अखेरीस एकदाच नव्हे. दिवसाचे दिवसा, पक्षाचे पक्षाला, वर्षाचे वर्षाला करतो. नोंदींची तपासणीही त्याच क्रमाने लागावी. आणि एवढे करूनही आर्थिक फसवणूक झालीच, तर संकोच न करता १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर तत्काळ कळवावे. आरंभीच्या तासांतच रक्कम अडवण्याची शक्यता अधिक असते.

विश्वासाचा आक्षेप

या सर्वांवर एक आक्षेप हमखास घेतला जातो आणि तो मनापासूनचा असतो. 'न्यास विश्वासावर चालतो. पंचवीस वर्षे निरपेक्ष सेवा करणाऱ्या कार्यकर्त्याकडे पासवर्ड मागायचा, त्याच्या नोंदी तपासायच्या, हा त्याचा अपमान नव्हे काय?'

या आक्षेपाचे उत्तर हळुवारपणे, परंतु स्पष्टपणे दिले पाहिजे. ज्याच्या एकट्याच्या हाती किल्ली असते, त्याच्यावरच पहिला संशय येतो. रक्कम जुळली नाही, यादी बाहेर गेली, फाईल नाहीशी झाली, तर बोट त्याच प्रामाणिक माणसाकडे वळते. आणि 'हे मी केलेले नाही' हे सिद्ध करण्यासाठी त्याच्याजवळ कोणताही पुरावा नसतो. दुसऱ्याची सही, बदलाचा मागोवा, तपासणीची तारीख या गोष्टी त्याच्यावर पाळत ठेवण्यासाठी नसतात. त्या त्याच्या निष्कलंकतेच्या साक्षीदार असतात. पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर एखाद्या वृद्ध कार्यकर्त्याला आपल्याच समाजापुढे आपली सचोटी शब्दांनी सांगण्याची वेळ यावी, याहून मोठा अपमान नाही. तो टाळणे विश्वस्तांच्या हाती आहे.

शिवाय माणूस कितीही निष्ठावान असला, तरी तो आजारी पडतो, परगावी जातो आणि एके दिवशी जातोही. न्यासाचे सारे ज्ञान त्याच्या स्मरणात आणि त्याच्या पासवर्डमध्ये राहिले, तर त्याच्या पश्चात त्याच्या शोकाकुल कुटुंबीयांकडे किल्ली मागण्याची पाळी येते. आचार्य धरसेनांनी ही वेळ येऊ दिली नाही. त्यांनी देह असतानाच दोघांना बोलावले. स्वतःवर अविश्वास म्हणून त्यांनी ते केले नाही. श्रुतावरील प्रेमापोटी केले.

श्रुतपंचमीचा संकल्प

षट्खंडागम आणि त्यावरील धवला टीका यांची ताडपत्रे पुढे शतकानुशतके कर्नाटकातील मूडबिद्रीच्या भांडारात जपली गेली. जपणूक इतकी कडेकोट होती, की बाहेरच्या जगाला त्यांचे केवळ दर्शन घडे. विसाव्या शतकात त्यांच्या प्रतिलिपी बाहेर आल्या आणि महाराष्ट्रातील अमरावती येथून, प्रा. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली, १९३९ मध्ये धवलेचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. पुढे सुमारे वीस वर्षांत सोळा खंड पूर्ण झाले. ज्या ग्रंथाचे अस्तित्व एका गावातील कपाटांवर अवलंबून होते, तो ग्रंथालयाग्रंथालयांतून पोहोचला. जपणे आणि पोहोचवणे या दोन्हींचा तोल साधला, तेव्हाच तो निर्भय झाला. माहितीच्या सुशासनाचे ध्येयही हेच आहे: अधिकार नसलेल्याच्या हाती जाऊ नये आणि अधिकार असलेल्याला वेळेवर मिळावी.

श्रुतपंचमीला मंदिरांमधून शास्त्रांची पूजा होते. ग्रंथ बाहेर काढून झटकले जातात, वाळवी लागली आहे का ते पाहिले जाते, जीर्ण वेष्टने बदलली जातात. पूजा आणि तपासणी हे दोन विधी पूर्वजांनी एकाच दिवशी एकत्र बांधले आहेत. सुवर्णमहोत्सवी वर्षात न्यासाने त्याच दिवसाला एक छोटी जोड द्यावी. दर श्रुतपंचमीला शास्त्रपूजनानंतर विश्वस्तांनी एकत्र बसावे. बॅकअपची प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी, प्रवेशाधिकारांची यादी वाचावी, अनावश्यक वैयक्तिक माहिती नष्ट करावी, पाच प्रश्नांची उत्तरे इतिवृत्तात लिहावीत आणि प्रत्येक कामाची किल्ली किमान दोन जबाबदार हातांत आहे याची खात्री करून सह्या कराव्यात. यासाठी निधी लागत नाही. एक दुपार लागते.

पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी न्यासाची पहिली वही उघडली, त्यांच्यापैकी अनेक जण आज हयात नाहीत. त्यांचे अक्षर मात्र आजही वाचता येते. आज यंत्रात लिहिले जाणारे शतकमहोत्सवाच्या वर्षी वाचता येईल काय, त्यावर विश्वास ठेवता येईल काय, आणि ज्यांनी विश्वासाने ते सांगितले त्यांचा मान त्यात अबाधित राहिलेला असेल काय, हे आजच्या विश्वस्तांच्या विवेकावर अवलंबून आहे. न्यासाच्या पुढील वाटचालीस अनेक शुभेच्छा.

जैनं जयतु शासनम्। जय जिनेंद्र!